टेस्टिंगचं पाणी

आमच्या अप्पांना कुणाच्याही दारात पाणी प्यायच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय आहे. "हे पाणी कुणाचं?"

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची उमेदीची वर्षं सगळी मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, खटकचिंचोळी, हुलसूर करत पार आळंदच्या शिवारापर्यंत जायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे. त्या वाटेवर आपलं असं काहीच नसतं. रान दुसऱ्याचं, सावली दुसऱ्याची, विहीरही दुसऱ्याचीच. म्हणून त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला एक नियम होता. ज्याची विहीर त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मगच पहिला घोट घ्यायचा. मालक समोर असो नसो, हयात असो नसो. जुन्या विहिरींच्या काठावर बांधणाऱ्याचं नाव दगडात कोरलेलं असतं. अप्पांना अक्षर येत नाही, तेव्हा ते वाटेनं जाणाऱ्या एखाद्या शिकलेल्याला थांबवून नाव वाचून घ्यायचे आणि तोवर मेंढरांना पाण्यापासून अडवून धरायचे. नाव न घेता प्यालेलं पाणी त्यांच्या हिशेबी चोरीचं.

मी नगराध्यक्ष झाले त्या दिवशी अप्पा ऑफिसात आले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायात नव्या चपला. शिपायानं स्टीलच्या ग्लासात पाणी आणून दिलं. अप्पांनी विचारलं, "कुणाचं हाय?" शिपाई गोंधळला आणि म्हणाला, "पुरसभेचं." आमच्याकडं कर्नाटकात नगरपालिकेला पुरसभा म्हणतात.

"ती कोण?" अप्पांनी विचारलं.

सगळी खोली हसली. मीही हसले. अप्पांनी मात्र ग्लास टेबलावर तसाच ठेवला आणि उन्हातून तहानलेलेच घरी गेले.

आमचं गाव सीमेवरचं. बाजाराला माणसं उदगीर-उमर्ग्याकडून येतात आणि सरकारी हुकूम बेंगळुरूहून येतात. पुरसभेच्या सभेत कामकाज कन्नडमधून चालतं, भांडण मराठीतून होतं आणि भांडणानंतरची समजूत दखनीतून काढली जाते. मला तिन्ही येतात, त्यामुळं मला कुणी फसवू शकलं नाही, आणि त्याच कारणानं मला झोपही कमी लागली. अध्यक्षपद फिरतं असतं. त्या खेपेला ते आमच्या वर्गातल्या बाईसाठी राखीव निघालं. निवडून आलेल्यांत तशा आम्ही मोजून दोघी, आणि दुसरीच्या गटाकडं हात कमी. माझं कर्तृत्व म्हणाल तर एवढंच की त्या वेळी मी होते.

पहिल्या दिवशी हार घेऊन आलेली माणसं सरळ माझ्या नवऱ्याच्या गळ्यात हार घालायला लागली. त्यांचं बाजारात तुरीचं आडत दुकान, सगळे त्यांना ओळखणारे. मी म्हणाले, "घाला त्यांनाच. पण उद्यापासून गटारीच्या तक्रारी पण त्यांनाच सांगा, मी जाते घरी." माझी जीभ तिखट आहे हे मला सासरी आल्यावर कळलं. माहेरी सगळ्यांचीच तशी होती. नवऱ्यानं हसत हसत गळ्यातले हार काढले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकले. त्यानंतर ते ऑफिसची पायरी चढले नाहीत. दुकानात बसून माझ्या वाट्याच्या शिव्या मात्र त्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या, आणि संध्याकाळी जेवताना एकेक करून मला ऐकवल्या.

अध्यक्ष म्हणजे नेमकं काय करतो, हे मला अजून कुणी विचारलं तर नीट सांगता येत नाही. लग्नाला जायचं, बारशाला जायचं, मयतीला तर जायचंच. रस्त्यात कुत्रं मेलं तरी फोन, दिवा गेला तरी फोन, शेजाऱ्यानं पायरी पुढं काढली तरी फोन. एक म्हातारी दर सोमवारी यायची, तिची सून तिला बोलत नाही म्हणून. मी त्या सुनेला बोलावून घेतलं तर ती म्हणाली, "सासूच बोलत न्हाई." दोघींना ऑफिसात समोरासमोर बसवून चहा पाजला. पुरसभेच्या कायद्यात हे कुठं बसतं ते मला माहीत नाही. बाजारातली गटार मी झाकून घेतली, भाजीवाल्या बायांसाठी मुतारी बांधून घेतली. मुतारीच्या वेळी सभेत पुरुष खाली मान घालून बसले होते, तेव्हा मला फार राग आला होता. पण ठराव झाला.

खरं मनात होतं ते पाणी. माझं सासर खाली बाजारात, माहेर वर टेकावर. गावाला नळाचं पाणी आठ दिवसांतून एकदा येतं, आणि तेही टेकाच्या निम्म्यावर येऊन दम सोडतं. वरच्या गल्लीत आमच्या लोकांची घरं. पूर्वी मेंढरं होती, आता कुणी दुसऱ्याच्या रानात रोजानं जातं, कुणी दोन-चार एकर करतं. तिथं टँकर यायचा. टँकर आला की माझी वहिनी, म्हणजे धाकट्या भावाची बायको, पातळाचा काष्टा घालून घागर घेऊन पळायची आणि भांडून पाणी आणायची. ती मुळात अगदी गरीब स्वभावाची पोर. टँकरनं तिला भांडायला शिकवलं.

टेकावर उंच टाकी बांधायची मंजुरी आधीच्या लोकांच्या काळातच आली होती. काम जागेवाचून अडलेलं. सगळ्यांत उंच आणि मोकळी जागा एकच, आमच्या देवाच्या कट्ट्याशेजारची. तिथं पूर्वी अप्पांचा कळप बसायचा. जागा अप्पांच्या नावची. मेंढरं कधीच विकली, पण ती जागा त्यांनी कुणाला घर बांधायलाही दिली नव्हती.

मी मागायला गेले तेव्हा ते कट्ट्यावर बसून टकळीवर लोकर कातत होते.

"घे की," ते म्हणाले. मला वाटलं होतं महिनाभर मनधरणी करावी लागंल. "पर टाकीवर नाव लाव."

"कुणाचं?"

"ज्याचं पाणी त्याचं. तू आणायलीस, तर तुझं. उद्या लेकरं पाणी पितील, ती कुणाचं नाव घेतील, अक्का?"

ते मला अक्का म्हणतात. मी जन्मले तेव्हा मला त्यांच्या आईचं नाव ठेवलं. आईचं नाव घेऊन लेकीवर ओरडायचं कसं, म्हणून त्यांनी मला आजवर कधी नावानं हाक मारली नव्हती. मी म्हणाले, "लावते, अप्पा." टाकीला उद्घाटनाची पाटी बसतेच आणि पाटीवर अध्यक्षाचं नाव असतंच, तेव्हा यात अवघड असं मला काही दिसलं नाही.

टाकी उभी राहिली. ठेकेदाराच्या मागं लागून लागून माझा आवाज बसला, पण होळीच्या सुमाराला काम पुरं झालं. वरच्या गल्लीत घरोघरी नळ बसले. आमच्या माहेरच्या अंगणातही एक बसला, तुळशीच्या पलीकडं. वहिनीनं त्याच्या तोटीला हळदीकुंकू लावलं.

मग पाटीचं सुरू झालं. काळ्या दगडावर कुणाचं नाव आधी आणि कुणाचं नंतर, यावर जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या टाकी बांधताना झाल्या नाहीत. आमचे चीफ ऑफिसर धारवाडकडचे, शांत गृहस्थ. कशालाही आधी 'नोडोण' म्हणायचे, म्हणजे बघू. त्यांनी सगळ्या नावांचा क्रम लावला. वर मोठ्या अक्षरात आमदारसाहेब, त्याखाली मधली सगळी मंडळी, आणि पार तळाला, ठेकेदाराच्या बरोब्बर वर, मी. मी म्हणाले, "एवढं खाली? कुत्रं पाय वर करंल तिथं." ते म्हणाले, "प्रोटोकॉल आहे, मॅडम." असू दे, म्हटलं. नाव आहे ना, अप्पांना तेवढं पुरे.

पाटी बसली, तिच्यावर पिवळं कापड टाकलं आणि आम्ही साहेबांच्या तारखेची वाट बघत बसलो.

तारीख मिळाली, मांडव पडला, आदल्या दिवशी साहेबांना बेंगळुरूला जावं लागलं. पुन्हा तारीख मिळाली, ती कुणाच्या तरी मयतीनं गेली. तिसऱ्यांदा मांडववाल्यानंच मला विचारलं, "बाई, खांब काढू का ऱ्हाऊ देऊ?" ऊन वाढत चाललं. टाकी गळते का ते बघायला ठेकेदारानं ती गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. म्हणजे टेकावर भरलेली टाकी, तिच्या सावलीत रिकाम्या घागरींची रांग, आणि ती रांग टँकरची वाट बघतेय. मी हे रोज सकाळी बघायची आणि माझं डोकं फिरायचं.

एकदा वहिनीनं मला रांगेतूनच विचारलं, "अक्का, टाकी भरलीय म्हणं?"

"भरलीय."

"मग कामून सोडनात?"

"उद्घाटन व्हायचंय."

तिनं घागर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि पुढं बघायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिथून तशीच ऑफिसात गेले.

चीफ ऑफिसरांना म्हणाले, "उद्घाटनाच्या आधी पाणी सोडायला काय अडचण आहे?"

"सोडता येत नाही, मॅडम. साहेबांच्या हस्ते आहे."

"मग नळ चालतात का नाही ते बघितलं कसं?"

"ते टेस्टिंगला एकदा सोडलं होतं."

"टेस्टिंगला कुणाच्या हस्ते लागतं?"

"कुणाच्याच नाही."

"आणि टेस्टिंग किती दिवस करायचं, हे कुठं लिहिलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता म्हणतील, नोडोण. पण ते म्हणाले, "लिहिलेलं नाही, मॅडम." आणि मग आवाज खाली आणून, "पण साहेब रागावतील. तारीख मग तुमच्या मुदतीत देणार नाहीत. मुदत संपली की पाटी बदलावी लागते. उद्घाटनाच्या दिवशी जो अध्यक्ष, त्याचं नाव. तेवढं बघा."

अडीच वर्षांतली माझी थोडीच मुदत राहिली होती. जेवताना नवऱ्याला सांगितलं. ते भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "थोडं दम धर. उन्हाळाभर कसंबसं निघंल. साहेबांना आपण जाऊन भेटू, हात जोडू, तारीख मिळंल. तुझं नाव दगडावर लागंल. नाहीतर एवढं करून हातात काय?" त्यांचं चुकत नव्हतं. मलाही नाव हवं होतं. उगाच साधुसंताचा आव कशाला आणू. माझं नाव कोरलेला तो दगड मी कापड बाजूला सारून दोनदा बघून आले होते. बोट फिरवूनही बघितलं होतं.

पण नवऱ्यापेक्षा, साहेबांपेक्षा मला अवघड वाटत होते ते अप्पा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले. ते कट्ट्यावरच होते.

"अप्पा, पाणी सोडायलेय मी."

"साहेब आले?"

"न्हाई. टेस्टिंग म्हणून सोडायचं."

"मग नाव?"

"नाव ऱ्हाईल बहुतेक. साहेब रुसतील. मी उतरल्यावर येतील."

टकळी थांबली. "म्या जागा कशासाठी दिली?"

"पाण्यासाठी."

"न्हाई. नावासाठी दिली. पाणी काय, टँकरनं पण यायलंय."

"वहिनी रोज घागर घेऊन पळायलीय, ते दिसंना व्हय तुम्हाला?"

"दिसायलंय." त्यांनी लोकरीचा पेळू उलगडला. "तुझी टाकी हाय, तू सोड जा. म्या त्यातलं प्यायचा न्हाई. बिननावाचं पाणी म्या जन्मात पेलो न्हाई, आता म्हातारपणी कशाला पिऊ?"

मी चिडले. म्हणाले, "नका पिऊ." आणि उतारावरून खाली येताना मला रडू आलं. गावातल्या कुणीही मला काहीही म्हणावं, मी दोन शब्द जास्तच देते. त्यांच्यापुढं मला ते कधी जमलं नाही.

पाणी सोडलं. सकाळची वेळ होती. आधी नळांतून नुसती हवा आली, घराघरातून खाकरल्यासारखा आवाज. मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. बायांनी हंडे लावले, घागरी लावल्या, तपेली, बादल्या, परात, जे हाताला लागेल ते लावलं. सगळं भरलं तरी पाणी येतच होतं आणि आता काय करावं ते कुणाला सुचेना. वहिनी नळासमोर नुसती उभी होती. मग तिनं तोटी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. मला बघून म्हणाली, "थांबायलंय की हो, अक्का. सांगितल्यावर थांबायलंय." त्या सकाळइतकं समाधान मला त्या खुर्चीवर परत कधी मिळालं नाही.

अप्पा कळशी घेऊन खालच्या जुन्या विहिरीवर गेले. ती कुणी बांधली ते त्यांना ठाऊक होतं.

साहेबांचा फोन संध्याकाळच्या आत आला. आवाज अगदी गोड. "अध्यक्षाबाई, टेस्टिंग चालू आहे म्हणे?"

"हौ साहेब, दोन-तीन ठिकाणी गळतंय असं वाटतंय."

"करा, करा. नीट करा. घाई काय आहे."

मला कळायचं ते कळलं. टेस्टिंग चालू राहिलं. रोज सकाळी पाणी यायचं आणि चीफ ऑफिसर बिचारे रोज कुठं गळतंय का बघायला माणूस पाठवायचे. वरच्या गल्लीत बाया एकमेकींना हाक मारून सांगायच्या, "टेस्टिंग आलं गं." उन्हाळा असाच टेस्टिंगवर निघाला. पाऊस लागला. पाटीवरचं पिवळं कापड भिजलं, फाटलं, दुसरं घातलं. माझी मुदत संपली. ज्या दिवशी खुर्ची सोडली त्या दिवशी हार आले नाहीत, त्या सोमवारच्या म्हातारीनं मात्र सुनेच्या हातची शेंगाची चटणी आणून दिली. घरी आल्यावर मला फार रिकामं वाटलं. फोन वाजत नव्हता. मी दोनदा तो चालू आहे का ते बघितलं.

या सगळ्या काळात अप्पांनी घरच्या नळाचं पाणी तोंडाला लावलं नाही. अंघोळीला चालायचं, बैलांना चालायचं, स्वतः प्यायला नाही. त्यांच्यासाठी वहिनी वेगळी घागर भरून आणायला निघाली तर तिला थांबवायचे. स्वतः जायचे. चढण चढताना दोनदा बसायचे. भावानं फोन करून मला सांगितलं, "तू तरी समजाव." मी गेले नाही. मी काय तोंडानं समजावणार होते? मी म्हणाले होते लावते, आणि लागलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी साहेबांची तारीख आली. पाटी नवी झाली. नवीन अध्यक्ष दुसऱ्या गटाचे, त्यांनी मला रीतसर बोलावणं पाठवलं, ते त्यांचं चांगुलपण. आता एक अडचण होती. जे पाणी रोज येतंय त्याचं उद्घाटन करायचं कसं? म्हणून आधी चार दिवस वरच्या गल्लीचं पाणी बंद ठेवलं. पाणी सुरू करायच्या कार्यक्रमासाठी पाणी बंद ठेवणारं आमचं एकच गाव असंल. वहिनीनं पुन्हा घागर काढली.

मांडवात कार्यक्रमासाठी एक खास नळ बसवला होता, झेंडूच्या माळा लावून. साहेबांनी नारळ फोडला, चाक फिरवलं, टाळ्या झाल्या. साहेबांनी नळाखाली ओंजळ धरली. नळ नुसताच फुसफुसला. चार दिवसांच्या तहानेनं गल्लीतल्या बायांनी आपापल्या घरचे सगळे नळ उघडून ठेवले होते, खाली भांडी लावून. टाकीतलं पाणी आधी त्यांच्याकडं धावलं, मांडवापर्यंत पोचेचना. साहेब ओंजळ धरून उभे. फोटोवाला कॅमेरा धरून उभा. शेवटी माईकवरून सांगायला लागलं, "वरच्या गल्लीतल्या मातांना नम्र विनंती, आपापल्या तोट्या बंद कराव्यात." कुठल्यातरी घरातून आवाज आला, "हंडा तर भरू द्या." मी पदर तोंडाला लावला. चीफ ऑफिसर माझ्याकडं बघत नव्हते, पण त्यांचे खांदे हलत होते.

सगळे पांगल्यावर अप्पा कट्ट्यावरून उठून पाटीपाशी आले. कार्यक्रमभर ते तिथंच बसले होते.

"वाच," मला म्हणाले.

मी वाचलं. वरून सुरुवात केली. प्रत्येक नावाला ते विचारायचे, "ह्यो कोण?" आणि मी सांगायची. बऱ्याच जणांना आमच्या गावात कुणी बघितलेलं नव्हतं. शेवटाला आले.

"तुझं?"

"न्हाई, अप्पा."

"खाली बघ की."

"खाली ठेकेदाराचं हाय."

त्यांनी दगडावरून हात फिरवला, वरून खालपर्यंत, जणू अक्षरं कळतातच. मग काठी उचलली आणि घराकडं चालायला लागले. मी मागं मागं गेले. मला वाटलं, आता घरी जाऊन कळशी घेतील आणि विहिरीला जातील, आणि हे असंच त्यांच्या शेवटापर्यंत चालंल.

ते अंगणात आले. खुंटीवरचा आपला पितळी तांब्या घेतला, मेंढरांमागं फिरतानाचा, पोचे पडलेला. तुळशीला वळसा घालून नळापाशी गेले, तोटी सोडली, तांब्या भरला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली ती दारातच थांबली. मी फाटकात उभी.

"अप्पा, ते घरच्या नळाचं हाय," मी म्हणाले.

"ठाव हाय." त्यांनी तांब्या खाली आणला. "इतके दिवस वाट बघायलो होतो. दगडावर लागलं असतं तर दगडानं सांगितलं असतं. लागलं न्हाई. मग आता मलाच सांगायला पाहिजे की."

त्यांनी पटका सारखा केला. टेकाकडं तोंड करून, परक्याच्या विहिरीवर घ्यायचे तसं, मोठ्यानं नाव घेतलं. माझं नाव. त्यांच्या आईचं नाव. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. माझे केस पिकायला लागले आहेत, आणि त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

मग त्यांनी तांब्या वर धरून पाणी प्यायलं, सगळं, न थांबता. मिशा पुसल्या.

"औषधाचा वास मारायलाय जरा," ते म्हणाले.

"सांगते मी ऑफिसात."

"तू आता कोण सांगणार? उतरलीस की."

वहिनी हसली. मीही हसले, आणि हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी पुसलं नाही. अप्पांनी तांब्या पुन्हा नळाखाली धरला, भरला आणि माझ्या हातात दिला.